बिल्ला ठेवा, दिवा न्या

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारी माणसे जरा गोंधळतात. कुणाला मी पितळेचा उंच तांब्या वाटतो, कुणाला कंदील. पण कंदील म्हणावा तर काच एवढीशीच का, आणि काचेच्या वर ही जाळी कशाला, असा त्यांना प्रश्न पडतो. आमच्या गल्लीतल्या मारुतीराव शिंप्यांनी तर एका पाहुण्याला माझी ओळख ‘स्टोव्हचे थोरले बंधू’ अशी करून दिली होती. तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी कोळशाच्या खाणीतला जुना दिवा आहे. माझा मुक्काम बेळगावहून बेळगुंदीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गल्लीत असतो. तिला सगळे खाणगल्ली म्हणतात. तिथे खाण नाही आणि कधी नव्हती.

माझा जन्म कारखान्यात झाला. खाली पितळेची टाकी, तिच्यात रॉकेल आणि वात. टाकीवर जाड काच, काचेवर तारेच्या बारीक जाळीची दुहेरी टोपी, आणि सर्वांत वर अडकवायला आकडा. कोळशाच्या थरांतून एक वायू झिरपत असतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण ज्योत लागली की स्फोट होतो. माझी जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, म्हणून आतली आग बाहेर पडत नाही. असा वायू आसपास असला, तर माझ्या बारीक केलेल्या ज्योतीच्या डोक्यावर निळसर टोपी दिसते. आणि हवेतला प्राणवायू कमी झाला, तर मी विझतो. माणूस कोसळण्याच्या बऱ्याच आधी मी गुदमरतो. थोडक्यात, वेळेवर गुदमरणे हीच माझी नोकरी, आणि ती मी इमानाने केली.

दूर विदर्भात, वर्धा नदीच्या अंगाला, एक खाण होती. आपल्या या भागातली काही कुटुंबे पोटासाठी तिकडे गेली आणि तिथलीच झाली. त्यांतला भरमा हा खाणीत सरदार होता. सरदार म्हणजे घोडा-तलवारवाला नव्हे. पाळीतली माणसे कामाला लागण्याआधी पुढे जाऊन हवा बघणारा तो सरदार. त्याच्या हातात मी असायचो. एखाद्या बोळात माझ्या डोक्यावर निळी टोपी दिसली की भरमा मागे वळायचा, आणि सगळी पाळी त्याच्यामागे वळायची. त्याची बायको गंगव्वा म्हणायची, आमचे हे घरी माझ्याकडे बघत न्हाईत, कारण दिवसभर त्या दिव्याकडे बघून डोळे दमत्यात. यात थोडी असूया होती, पण ती मी माझी स्तुती म्हणूनच घेतली.

आम्हा दिव्यांचे घर म्हणजे बत्तीघर. तिथे सिद्राम बसायचा. त्याचा नियम एकच होता. खाली जाणाऱ्याने आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि दिवा न्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा आणि बिल्ला न्यायचा. फळीवर बिल्ला आहे, म्हणजे माणूस खाली आहे. पाळी संपली, फळी रिकामी झाली, की सिद्राम दारात उभा राहून म्हणायचा, “सगळे वर.” मगच तो जेवायला जायचा. शिवाय माझ्या टाकीला चुंबकाने उघडणारे कुलूप होते. खाली कुणी विडी पेटवायला मला उघडू नये म्हणून. चुंबक सिद्रामकडे. तो स्वतः मात्र कधी खाली गेला नव्हता, आणि त्यावरून त्याची थट्टा व्हायची. आमी अंधारात घाम गाळतोय आणि आप्पा उजेडात बसून आमचा अंधार मोजतोय, असे त्याला ऐकवले जायचे.

एका संध्याकाळी छत खचले. फळीवर एक बिल्ला राहिला. तो भावकूचा होता. सिद्राम दोन दिवस जेवायला गेला नाही, एवढेच मी सांगतो.

चौऱ्याहत्तर साली खाण बंद पडली. माणसे आपापल्या मुलुखात परतली. निघताना ज्याला जे मिळाले ते त्याने उचलले. कुणी टिकाव, कुणी फावडे, कुणी डोक्यावरची टणक टोपी, कुणी कँटीनची ती अजस्र किटली, कुणी जखमींना न्यायचे स्ट्रेचर. प्रत्येकाने आठवण म्हणून आपला बिल्ला खिशात घातला. सिद्रामने फळी, चुंबक आणि भावकूचा बिल्ला घेतला. त्याच्या स्वतःच्या नावाचा बिल्ला नव्हताच. मी भरमाच्या ट्रंकेत, त्याच्या धोतरात गुंडाळलेला, बेळगावला उतरलो.

आता माझे हलाखीचे दिवस ऐका. खाणगल्लीत आल्यावर गंगव्वेने इतक्या वर्षांचा हिशेब चुकता केला. तिने मला लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवले. मित्रांनो, ज्या दिव्यापुढे अख्खी पाळी थांबायची, तो दिवा कैरीच्या फोडी वर येऊ नयेत म्हणून राखणीला बसला. मिठाने माझ्या पितळेला हिरवट डाग पडले. जाळीत मेथ्या अडकल्या. भरमा खोकत अंगणात बसायचा आणि येता-जाता माझ्याकडे बघून तोंड फिरवायचा. त्याला माझी लाज वाटत होती की स्वतःची, ते मला कधी कळले नाही.

त्यातून मला सोडवले कल्याणी टीचरनी. त्या बेळगावहून बसने येऊन इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. एकदा गंगव्वेने त्यांना लोणचे वाढायला बरणी पुढे ओढली, आणि टीचर लोणचे सोडून माझ्याकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी गल्लीत घरोघर फिरून विचारपूस केली, आणि एकोणऐंशी साली पंचायतीची एक बंद पडलेली खोली मिळवून तिथे ‘खाण कामगार वस्तुसंग्रहालय’ उभे केले. वस्तू लोकांच्याच, पण खोलीत एकत्र ठेवायच्या, पुसायच्या, सांभाळायच्या, येणाऱ्याला दाखवायच्या, असे त्यांनी सगळ्यांना समजावले. राखण करायला सिद्रामआप्पा तयारच होता. त्याच वर्षी टीचरची बदली निपाणीला झाली. जाताना त्या म्हणाल्या, “आप्पा, आता सगळं तुमच्या पद्धतीनं चालू दे.”

सिद्रामची पद्धत तुम्हांला माहीत आहे.

त्याने खोलीत फळी ठोकली, खिळे मारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून तो बसला. पहिला आला परशराम. मला जरा शेताची मेर नीट करायचीय, माझा टिकाव दे, म्हणाला. सिद्रामने विचारले, बिल्ला हाय? परशरामने कनवटीचा बिल्ला काढून खिळ्याला अडकवला आणि टिकाव नेला. संध्याकाळी टिकाव आला, बिल्ला गेला. सिद्रामने दारात येऊन “सगळे वर” म्हटले. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी समाधान दिसले. ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही.

त्यानंतर आमचे संग्रहालय जोरात चालू लागले. मालुबाई नवऱ्याचा बिल्ला ठेवून फणसाच्या दिवसांत टणक टोपी न्यायची, कारण तिच्या परसात फणस कधी डोक्यात पडेल याचा नेम नसायचा. स्ट्रेचरवरून बाळंतिणी बसच्या रस्त्यापर्यंत जायच्या. किटली तर एकाही लग्नाला चुकली नाही. मारुतीराव शिंपी भावाचा खाणीतला बिल्ला ठेवून चुंबक न्यायचे आणि दिवसभर दुकानात सांडलेल्या सुया गोळा करायचे. फावडी, घमेली, दोरखंड यांना तर श्वास घ्यायला फुरसत नसे. रविवारी मात्र सुट्टी. खाणीला रविवारी सुट्टी होती, म्हणून संग्रहालयालाही. त्या दिवशी सगळ्या वस्तू धुऊन-पुसून आपापल्या जागी असायच्या. आणि कल्याणी टीचर निपाणीहून यायच्या त्या रविवारीच. त्या खूश होऊन जायच्या. इतर दिवशी खोलीत नुसते बिल्ले लोंबत असतात, हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे काही आहे, असेच कुणाला वाटले नाही.

कामाला जात नव्हतो तो मी एकटा. खाणीतला दिवा गावात कुणाला हवा? घरोघरी वीज आली होती. सिद्राम मला रोज पुसायचा, भावकूचा बिल्लाही पुसायचा, आणि आम्हा दोघांना शेजारी-शेजारी टांगायचा.

आता सत्याप्पाबद्दल सांगतो. सत्याप्पा हा दूध डेअरीचा चेअरमन. तो कधी खाणीकडे गेला नव्हता. इथेच म्हशी वाढवून मोठा झालेला माणूस. त्याच्या लेकीच्या लग्नात चहाला किटली हवी होती. सिद्रामने विचारले, “बिल्ला हाय?” सत्याप्पा म्हणाला, “न्हाय.” सिद्राम म्हणाला, “मग किटली बी न्हाय.” बिल्ला म्हणजे खाली उतरलेल्या माणसाची खूण, ती कुठून आणायची? लग्नात चहा तीनदा करावा लागला आणि व्याह्यांना शेवटचा पाणचट मिळाला. हे सत्याप्पा विसरला नाही. तसे त्याचे म्हणणे रास्तही होते. डेअरीचे रिकामे कॅन उन्हात पडून असत आणि त्याला खोलीची गरज होती. त्याने तालुक्याच्या कचेरीत जाऊन तक्रार केली की, पंचायतीची खोली या लोकांनी अडवून ठेवली आहे आणि आत काहीच नाही. येता-जाता तो सिद्रामला म्हणायचा, “कोळसा गेला, आता राख राखताय व्हय आप्पा?” आणि वर, “माझ्याकडं बिल्ला मागतोस, तुझा तरी कुठं हाय रं?” सिद्राम फळी पुसत राहायचा.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात निरोप आला की, उपेंद्रराव नावाचे साहेब मंगळवारी खोली बघायला येणार आहेत. खोली संग्रहालयाला ठेवायची की डेअरीला द्यायची, ते जागेवर ठरवणार. सिद्रामची झोप उडाली. खोली गेली तर फळी जाईल, आणि फळी गेली तर त्याने दारात उभे राहून कुणाला मोजायचे?

मित्रांनो, आता त्याने जे केले ते नीट समजून घ्या, कारण असली चूक फक्त बत्तीघरात आयुष्य काढलेला माणूसच करू शकतो. खाणीवर साहेब तपासणीला यायचे तेव्हा आधी फळी बघायचे. फळी बिल्ल्यांनी भरलेली असली की खाण जोरात चालली आहे म्हणून खूश व्हायचे. दिवे जागेवर पडून असले की भुवया चढवायचे. म्हणून सिद्राम सोमवारी संध्याकाळी गल्लीत घरोघर फिरला आणि हात जोडून म्हणाला, उद्या साहेब येणार, एक बी वस्तू खोलीत दिसता कामा नये. ज्यांना काही काम नव्हते त्यांनाही त्याने काम शोधायला लावले. एकाने विनाकारण अंगण खणले. किटली नेणारे कुणी मिळेना, तेव्हा गंगव्वेने तीत कपडे भिजवले.

मंगळवारी दुपारी उपेंद्रराव बसमधून उतरले. बरोबर कल्याणी टीचर होत्या. सुट्टी होती म्हणून, आणि आपले संग्रहालय वाचवायला म्हणून त्या निपाणीहून मुद्दाम आल्या होत्या. वाटेत त्यांनी साहेबांना प्रत्येक वस्तूचे वर्णन करून सांगितले होते. सिद्रामने टोपी सरळ करून दार उघडले.

खोलीत वर्णनातले काहीच नव्हते. भिंतीवर फक्त फळी होती आणि तिच्यावर चकाकणारे बिल्ले. आणि कोपऱ्यात मी. मला न्यायला कुणीच तयार झाले नव्हते. निदान पेटलेला तरी दिसावा म्हणून सिद्रामने सकाळी मला पेटवून कुलूप लावले होते आणि मग चुंबक मारुतीरावांना देऊन टाकला होता. अख्ख्या खोलीत मी एकटाच बेकार. लाजेने माझी ज्योत थरथरत होती, असे मी म्हणेन, पण खरे म्हणजे दारातून वारा येत होता.

टीचरचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हळूच विचारले, “आप्पा, वस्तू कुठं आहेत?”

“सगळ्या कामावर,” सिद्राम छाती काढून म्हणाला. “एक हा दिवा सोडून. त्याचं तेवढं माफ करा, साहेब.”

उपेंद्रराव शांत स्वभावाचे होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि भिंतीकडे पुन्हा पाहिले. “कुठल्याही संग्रहालयात वस्तू असतात अशी माझी समजूत होती,” एवढेच ते म्हणाले. सत्याप्पाने साहेबांच्या मागे उभे राहून ऐकले, पण त्याच्या तोंडावर आनंद दिसेना. तो घामाघूम होता आणि धावत आल्यासारखा धापा टाकत होता.

कारण त्याची वेगळीच अडचण झाली होती. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून डेअरीची माणसे भरलेला कॅन दोराने जुन्या विहिरीत सोडून ठेवायची. विहीर खोल आणि अरुंद होती, आणि उन्हाळ्यात तळाला नुसता चिखल आणि कुजका पाला उरायचा. आदल्या संध्याकाळी दोर तुटला आणि कॅन खाली चिखलात रुतला. साहेब येण्याआधी तो वर काढावा म्हणून सत्याप्पाने परशरामला आत उतरवले. परशराम निम्म्यावर गेला आणि चक्कर येते म्हणून वर आला. सत्याप्पा त्याला कामचुकार म्हणाला. परशराम म्हणाला, मग तू उतर. तेव्हा बाजूला बसलेल्या भरमाने खोकल्याची ढास आवरत सांगितले, “कुणी बी उतरू नगा. आधी माझा दिवा आणा.”

सत्याप्पाने ते सगळे एका दमात सांगितले आणि माझ्याकडे हात केला. “आप्पा, तेवढा दिवा दे.”

सिद्राम जागचा हलला नाही. “बिल्ला हाय?”

“अरं, माणूस उतरायचाय विहिरीत!”

“म्हणून तर इचारतोय.”

उपेंद्ररावांना राहवले नाही. ते म्हणाले की, अहो, साधा दिवा आहे, द्या त्यांना, नियमाचे नंतर बघू.

सिद्रामने साहेबांपुढे हात जोडले. पण त्याचा आवाज मऊ झाला नाही. “साहेब, बिल्ल्याशिवाय दिवा दिला, आणि माणूस आत ऱ्हायला, तर मला कळणार कसं? ह्यो बघा.” त्याने माझ्या शेजारचा बिल्ला दाखवला. “ह्यो भावकू. ह्याचा बिल्ला फळीवर व्हता म्हणून मला कळलं. म्हणून लोक परत खाली गेले त्याला आणायला. न्हायतर पाळी सुटली आणि सगळे घरी गेले असते.”

आणि मग, मित्रांनो, सत्याप्पाने आयुष्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट केली. डेअरीच्या प्रत्येक कॅनच्या गळ्यात नंबर ठोकलेली एक ॲल्युमिनियमची चकती असते. त्यातली एक त्याच्या खिशात होती. ती त्याने पुढे केली. “ह्यो चालंल का?”

सिद्रामने चकती हातात घेतली. उजेडाकडे धरली. धातू आहे, नंबर आहे, अडकवायला भोकही आहे. त्याने चकती उलटी-पालटी करून पाहिली, शर्टाला पुसली आणि खिळ्याला अडकवली. “चालंल,” तो म्हणाला, आणि मला सत्याप्पाच्या हातात दिले.

किती वर्षांनी मी कामावर निघालो होतो! मागून सगळी गल्ली, साहेब आणि टीचर. विहिरीवर भरमाने मला सत्याप्पाच्या हातून घेतले. त्याने माझ्या काचेवरून अंगठा फिरवला आणि जाळीत अडकलेली एक जुनी मेथी नखाने काढून टाकली. मग दोर बांधून मला हळूहळू खाली सोडले. वर ऊन होते, खाली गारवा. ज्योत आधी पिवळी पडली, मग लांबट झाली, मग थरथरली, आणि निम्म्याच्या थोडे खाली मी मोठ्या अभिमानाने गुदमरलो.

वर कुणीतरी दचकून “गेला” म्हणाले. परशराम जमिनीवर बसला आणि त्याने सत्याप्पाकडे नुसते पाहिले. सत्याप्पाने मान खाली घातली. टीचरनी साहेबांना समजावले की, पाला कुजून निघणारा जड वायू तळाशी साठतो आणि वारा नसला तर तिथेच बसून राहतो. आता तो ढवळून बाहेर काढायला हवा होता. भरमाने आंब्याच्या डहाळ्यांचा मोठा भारा बांधायला लावला आणि गल्लीतल्या माणसांनी तो दोराने भराभर खाली-वर करायला सुरुवात केली. उपेंद्ररावही बाह्या सारून दोराला लागले.

पण मला पुन्हा पेटवणार कसे? कुलूप उघडायला चुंबक पाहिजे, आणि चुंबक शिंप्याकडे. सिद्रामने हाक मारली. मारुतीराव धावत आले. चुंबकाला इतक्या सुया चिकटल्या होत्या की तो साळिंदरासारखा दिसत होता. सुया काढताना तिघांची बोटे टोचली. मी उघडलो, पेटलो, बंद झालो आणि पुन्हा खाली गेलो. पुन्हा विझलो. पुन्हा डहाळ्या, पुन्हा सुया. तिसऱ्या वेळी मात्र मी थेट चिखलापर्यंत गेलो आणि जळत राहिलो. भरमा वरून बराच वेळ बघत होता. मग तो म्हणाला, “जा आता.”

मालुबाईने फणसाची टोपी परशरामच्या डोक्यावर बसवली, त्याच्या कमरेला दोर बांधला गेला आणि तो माझ्या शेजारी उतरला. कॅनला दोर बांधून तो वर गेला. मागून कॅन गेला. सर्वांत शेवटी मी. खाणीतही सरदाराचा दिवा शेवटीच वर यायचा. कॅनचे झाकण उघडले तर आतल्या दुधाचे दही झाले होते. ते तिथेच वाटून संपवण्यात आले. साहेबांनी दोनदा घेतले.

परतीची बस संध्याकाळी होती, म्हणून उपेंद्रराव खोलीच्या पायरीवर बसून राहिले. आणि म्हणूनच त्यांना आमचे संग्रहालय दिसले. ऊन उतरले तशी माणसे येऊ लागली. टिकाव आला, बिल्ला गेला. फावडे आले, बिल्ला गेला. स्ट्रेचर आले, दोरखंड आला, साबणाच्या वासाची किटली आली. एकेक वस्तू आपल्या जागी बसत गेली आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती आणणारा माणूस दोन शब्द सांगत गेला, ही खाली कशी वापरायचे, कुणाच्या हातात असायची. टीचर भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांनी इतक्या रविवारी यातले काहीच ऐकले नव्हते.

सत्याप्पाने गंभीरपणे साहेबांना विचारले की, मग खोलीचे काय ठरले? उपेंद्रराव म्हणाले, तुमची तक्रार खरी आहे, खोली दिवसा रिकामीच असते. मग ते म्हणाले, “तुमचे कॅन तरी रिकामे कधी असतात?” दुपारी, सत्याप्पा म्हणाला. सकाळचे दूध बेळगावला गेले की कॅन धुऊन येतात आणि संध्याकाळी पुन्हा भरायला जातात. “मग झालं की,” साहेब म्हणाले. दिवसा कॅन, रात्री संग्रहालय. वस्तू कामावर गेल्या की कॅन आत, कॅन कामावर गेले की वस्तू आत. दोघांचेही बिल्ले आहेतच. एवढे सांगून ते बस गाठायला गेले.

सत्याप्पाही दुधाच्या गाडीबरोबर निघून गेला. भरमाने मला माझ्या जागी टांगले होते, पण फळीवर ती ॲल्युमिनियमची चकती तशीच होती. सिद्राम दारात बसून राहिला. टीचर म्हणाल्या, आप्पा, दिवा आला की परत, आता घरी जा. सिद्राम म्हणाला, माणूस न्हाय आला.

दिवेलागणीला सत्याप्पा परत आला, दार उघडे आणि सिद्राम बसलेला पाहून थबकला. सिद्राम आपलीच वाट बघत होता, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्याने चकती काढून खिशात घातली. सिद्राम उठला आणि दारात उभा राहून म्हणाला, “सगळे वर.”

सत्याप्पा जायला वळला, पण गेला नाही. त्याने खिशातून दुसरी एक चकती काढून सिद्रामच्या हातात ठेवली. “ही तुझी.”

“मी कुठं खाली जातोय?”

“जेवायला तरी जातोस न्हवं? जाताना टांगत जा. सगळ्यांची वाट तू बघतोस. तू गेलास तर आमाला कळाया नको?”

सिद्रामने चकती शर्टाला पुसली, भावकूच्या बिल्ल्याशेजारचा खिळा बोटाने चाचपून पाहिला आणि तिथे ती अडकवली. मग दार लावून तो जेवायला गेला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणीतरी असेल. माळ्यावर, पलंगाखाली, लोणच्याच्या बरणीवर. त्याला खाली काढा, पुसा, आणि त्याच्या हातून कोणते काम होत होते ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. जमले तर ते काम त्याला एकदा करू द्या. आणि नेताना त्याच्या जागी आपली काहीतरी खूण ठेवून जा. वस्तू हरवते ती जुनी झाली म्हणून नाही. ती परत आली का, हे बघायला दारात कुणी बसलेले नसते म्हणून.

मी आता विहिरींची कामे करतो. पार काकती गावापर्यंत माझे नाव झाले आहे. बाकी रात्री मी खोलीतच असतो. अंधारात त्या चकतीकडे बघत राहतो. पहाटे कुलूप वाजते, सिद्राम आत येतो, खिळ्यावरची आपली चकती काढून खिशात टाकतो. दारात उभे राहून मोठ्याने म्हणणे मला जमत नाही. पण मनातल्या मनात मी रोज म्हणतो, सगळे वर.